गोकर्णातली न सुटणारी गाठ

कुंपणावरच्या गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळंशार होतं, लिंबू पिळलं की जांभळं. ही करामत अँथोसायनिन या रंगद्रव्याची. तिचं श्रेय ‘गोल पेप्टाइड’ला देऊन चालणार नाही. ते पेप्टाइड गोकर्णात आहे खरं, पण त्याला रंग नाही. त्याचं नाव सायक्लोटाइड : साधारण तीस अमिनो आम्लांची साखळी, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली.

प्रथिनांच्या जातीचं काहीही उकळलं की निकामी, हा समज अंड्यापुरता ठीक आहे. 1960च्या दशकात काँगोमध्ये लोरेंट्स ग्रान या नॉर्वेजियन डॉक्टरांना दिसलं, की कळा वाढाव्यात म्हणून बाळंतिणीला ‘कलाटा-कलाटा’ या वनस्पतीचा उकळलेला काढा देतात. वनस्पती कॉफीच्या कुळातली. उकळूनही गुण टिकवणाऱ्या तिच्यातल्या सायक्लोटाइडला कलाटा बी-1 म्हणतात. त्यात 29 अमिनो आम्लं असतात. त्याची गोल रचना उलगडायला मात्र 1995 साल उजाडलं.

‘गोल आहे म्हणून चिवट’ हे उत्तर पाठ्यपुस्तकी आणि अर्धंच. खरी मेख आतल्या गाठीत आहे. साखळीतली सहा अमिनो आम्लं सिस्टीन असतात, त्यांचे गंधकाचे तीन बंध. दोन बंध आणि साखळीचे तुकडे मिळून एक छोटं कडं तयार होतं आणि तिसरा बंध त्या कड्यातून आरपार ओवला जातो. वळं एका जागी कापलं तरी आकार बराचसा टिकतो. बंध तोडले की सगळं ढिलं पडतं. मग गोल असण्याचा उपयोग काय? स्वेटरचा धागा टोक सापडलं की भरभर उसवतो. काही पाचक विकरं तशीच टोकाकडून कुरतडतात, आणि इथे टोकच नाही. शिवाय वळं कापलेल्या कलाटा बी-1ची रक्तपेशी फोडण्याची ताकदही गेली, म्हणजे गोलाई नुसती शोभेची नाही.

प्रत्येक गोल पेप्टाइडमध्ये अशी गाठ असते, असंही नाही. आपल्या जवसातली सायक्लोलिनोपेप्टाइडं आठ-नऊ अमिनो आम्लांची, गंधकबंधाविना. जवसाचं तेल ठेवून ठेवून कडू झालं की आपण भेसळीचा संशय घेतो. बऱ्याचदा त्यांतल्याच एका पेप्टाइडचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं.

आणि वनस्पती हे सगळं आपल्या औषधासाठी बनवते थोडीच? कलाटा बी-1 मिसळलेलं खाद्य दिल्यावर घाटे अळीच्या ऑस्ट्रेलियन भावंडाची वाढ खुंटली, कारण हे पेप्टाइड अळीच्या आतड्यातल्या पेशींची आवरणं फोडतं. गोकर्णाच्या अर्कापासूनचं कीटकनाशक ऑस्ट्रेलियात कपाशीवर वापरतात. गोकर्णातलंच, टोकं जोडणारं ब्युटेलेज हे विकर 2014 मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी वेगळं केलं. नाव आलं ‘बुंगा तेलांग’वरून; मलय भाषेत गोकर्णाला तसं म्हणतात.

राहिला निळा चहा. पोटात न पचणारं पेप्टाइड रक्तात उतरतंच, हा हिशेब चुकीचा आहे. आतड्यातून ते फारच कमी शोषलं जातं. हौस म्हणून कपभर प्यायला हरकत नाही. पण गरोदर बाईला असला कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.