मुलीने छेडछाडीबद्दल सांगितले, तर घरच्यांनी काय करावे?

नववीतल्या मुलीला घेऊन एक आई दोन महिन्यांत तिसऱ्यांदा दवाखान्यात आली. तक्रार तीच. संध्याकाळी क्लासला जायची वेळ झाली की पोटात दुखते. लघवीची तपासणी, रक्त, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल. रविवारी मात्र दुखत नाही.

सिस्टरना खोलीत थांबवून आणि आईला पाच मिनिटे बाहेर बसवून मी मुलीला विचारले, “क्लासला जाताना कुणी त्रास देतं का?” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग बोलली. नाक्यावरचा एक माणूस रोज मागे यायचा. दोनदा त्याने अंगाला हात लावला होता. घरी का नाही सांगितलंस, असे विचारल्यावर म्हणाली, “सांगितलं तर माझा क्लास बंद करतील.”

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कोन, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातल्या अनेक घरांत हेच घडते. चूक त्या माणसाची असते आणि शाळा मुलीची सुटते, मोबाईल तिचा काढून घेतला जातो, लग्नाची घाई तिच्या मागे लागते. आईवडील हे काळजीपोटी करतात. पण मुलगी त्यातून एकच गोष्ट शिकते : तोंड उघडले की शिक्षा आपल्याला होते. मग ती बोलत नाही, आणि त्रास देणाऱ्याला नेमके तेच हवे असते. म्हणून मुलीला खंबीर करण्याची सुरुवात कराटेच्या वर्गापासून होत नाही. सांगितल्यावर तिचे काहीही बंद होणार नाही, ही खात्री घरातून मिळण्यापासून होते.

लैंगिक छळ कशाला म्हणायचे?

फक्त बलात्कार म्हणजे लैंगिक हिंसा नव्हे. नको असताना केलेला स्पर्श, अश्लील बोलणे, रोज पाठलाग करणे, अश्लील फोटो किंवा व्हिडिओ दाखवणे, फोटो पसरवण्याची धमकी देणे हे सगळे गुन्हे आहेत. अठरा वर्षांखालील मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे. “पोरं अशी चेष्टा करतातच” असे म्हणून या गोष्टी सोडून देऊ नका.

त्रास देणारा अनोळखीच असेल असेही नाही. बऱ्याचदा तो नातेवाईक, शेजारी, शिकवणारा किंवा रोज ने-आण करणारा माणूस असतो.

शरीर काय सांगते?

मूल तोंडाने सांगत नाही तेव्हा शरीर सांगते. पुढील बदल दिसले तर शांतपणे चौकशी करा :

- पोटदुखी, डोकेदुखी, उलटीची भावना, तपासण्या नॉर्मल
- झोप उडणे, दचकून उठणे, मोठ्या वयात अंथरूण ओले होणे
- ठराविक व्यक्ती किंवा ठराविक जागेची भीती
- अभ्यासात अचानक घसरण, मैत्रिणींपासून दूर राहणे
- लघवीला जळजळ, गुप्तांगाला सूज, जखम, स्राव
- स्वतःला इजा करणे, “जगायचं नाही” असे बोलणे

यातले एखादे लक्षण इतर आजारांतही दिसते. त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नका, पण प्रश्न विचारायचे टाळूही नका.

मुलीने सांगितल्यावर पहिली पाच मिनिटे

म्हणा : “बरं झालं सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही.”

म्हणू नका : “तू तिकडे गेलीसच कशाला?”, “कपडे कोणते होते?”, “आधी का नाही बोललीस?”, “बाबांना कळू देऊ नकोस.”

पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नका. त्या माणसाला समोर आणून “खरं-खोटं” करू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, बदलापूरच्या एका शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींचे प्रकरण उघड झाले आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. एवढ्या लहान मुलींचे बोलणे घरच्यांनी खरे मानले, म्हणूनच ते बाहेर आले.

“ती ओरडली का नाही?”

हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. अतिभीतीत शरीर गोठते. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. मेंदूची ही आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे.

आपल्या राज्याने ही चूक फार मोठ्या किमतीला शिकली. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, हा त्यातला एक मुद्दा होता. त्याविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. डॉक्टर म्हणून मी एवढेच सांगेन : जखम नसणे म्हणजे काही घडलेच नाही असे नाही.

बलात्कार झाला असेल तर : पहिले ७२ तास

शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जा. कोनहून जवळची सरकारी रुग्णालये म्हणजे भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आणि कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय.

- तपासणीआधी अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. कपडे बदलले असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत न भरता कागदात गुंडाळून न्या. अंघोळ झाली असली तरी जा. साधारण ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात, आणि उपचार तर त्यानंतरही लागतातच.
- गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी प्रभावी. ती ७२ तासांत घ्यावी. पाच दिवसांपर्यंतही काही उपयोग होतो.
- एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.
- गुप्तरोगांवरची औषधे, हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस गरजेनुसार दिली जाते.
- पाळी चुकली तर थांबू नका. अशा प्रकरणांत २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो.

रुग्णालयातले तुमचे हक्क

- सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने मोफत उपचार केलेच पाहिजेत. “आधी एफआयआर आणा” असे म्हणता येत नाही.
- अठरा वर्षांखालील मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते, आणि आई-वडील किंवा मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असावी लागते.
- तपासणीसाठी संमती लागते. कुठलाही भाग नाकारता येतो. त्यामुळे उपचार थांबत नाहीत.
- ‘टू फिंगर टेस्ट’ला सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात पुन्हा ठाम मनाई केली आहे. योनिपटलावरून कुमारिका आहे की नाही हे कळत नाही. विज्ञानात अशी कोणतीही चाचणी नाही.

पोलीस आणि बदनामीची भीती

त्या आईने माझा हात धरून सांगितले, “डॉक्टर, कुठं बोलू नका, पोरीचं नाव खराब होईल.” मला तिला स्पष्ट सांगावे लागले : अठरा वर्षांखालील मुलीबाबत असे कळले की पोलिसांना कळवणे डॉक्टरवरही बंधनकारक आहे. पण मुलीचे नाव, फोटो, पत्ता, शाळा जाहीर करणे हाही गुन्हा आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो.

त्या मुलीचे वडील रात्रपाळी करून थेट दवाखान्यात आले. पहिले वाक्य होते, “आजपासून क्लास बंद.” मुलीने माझ्याकडे पाहिले. मी त्यांना म्हणालो, “गुन्हा त्याने केला, घरात हिला बसवायचं?” ते बराच वेळ खाली बघत बसले. दुसऱ्या दिवशी ते तक्रार द्यायला मुलीसोबत गेले. क्लास चालू राहिला. काही आठवडे वडील किंवा मावशी सोडायला जात. पोटदुखीसाठी ती मुलगी पुन्हा आली नाही.

घरात रोज करता येण्यासारखे

- तीन-चार वर्षांपासून शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे शिकवा.
- “मामांना पापी दे” अशी सक्ती करू नका. घरातल्या माणसालाही ‘नको’ म्हणता येते, हे मुलांना कळू द्या.
- ‘आईला सांगू नकोस’ असे कुणी म्हटले, तर ते आधी आईला सांगायचे, हे पक्के करा.
- पाळी, शरीरातले बदल यांवर मुलगा-मुलगी दोघांशी बोला.
- ताट उचलणे, पाणी देणे, घरी लवकर येणे हे नियम मुलालाही लावा. बहिणीवर हुकूम चालवायला शिकलेला मुलगा उद्या बाहेरही तसाच वागतो.

हे क्रमांक भिंतीवर लावून ठेवा

- १०९८ : चाइल्डलाइन
- ११२ : तातडीची पोलीस मदत
- १८१ : महिला हेल्पलाइन
- १९३० : ऑनलाइन फसवणूक व सायबर गुन्हे
- १४४१६ : टेलि-मानस, मानसिक आधार

आज जेवताना मुलीला एवढेच सांगा : “कुणी त्रास दिला तर आम्हाला सांग. तुझी शाळा, तुझा क्लास बंद होणार नाही.” आणि तशी वेळ आली, तर हा शब्द पाळा.