गांजाचं व्यसन: दोष रक्ताचा की संगतीचा?

लातूरच्या ट्यूशन एरियात एखादं पोरगं गांजा ओढताना सापडलं की निकाल लगेच लागतो. काका म्हणतात, "संगत वाईट." शेजारीण म्हणते, "आजा चिलमीचाच होता, रक्तच तसलं." दोघांचंही अर्धंच खरं.

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार कुणाला व्यसन जडतं नि कुणाला नाही, या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा. म्हणून आजा ओढायचा तर नातवाला धोका पन्नास टक्के, असा हिशेब नाही. तो आकडा समाजाचा, एका पोराचा नव्हे. 'गांजाचं जनुक'ही नाही. 2020 मध्ये सुमारे 21 हजार व्यसनग्रस्तांचा जनुकीय अभ्यास झाला, तेव्हा जनुकसंचात दोनच जागा ठळक दिसल्या. त्यातली एक निकोटिनशी संबंधित! बाकी असंख्य जनुकांचा चिमूट चिमूट वाटा. त्यातून असे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले. तेव्हा नांदेडात कुणी जनुकचाचणीवरून पोराचं भविष्य सांगू लागला, तर पैसे खिशातच ठेवा.

"आमचा शांत आहे हो, त्याची काळजी नाही." हा गैरसमज मला सगळ्यात महागडा वाटतो. उतावळ्या, थरार शोधणाऱ्या पोरांना धोका जास्त, हे खरंच. पण मनातून खचलेली, स्वतःला कमी लेखणारी पोरंही व्यसनाकडे वळतात. पहिलं मजेसाठी ओढतं, दुसरं डोकं बंद करायला. नीटच्या सराव परीक्षेत मार्क घसरलेत, मेसचा डबा तसाच पडलाय, आणि आईला फोनवर "सगळं बरंय." हूड पोरावर सगळ्या गल्लीची नजर असते, याच्याकडे कोण बघतो?

"झाडपाला आहे, सवय लागत नाही" हेही खोटं. कोवळ्या वयात सुरुवात केली तर धोका वाढतो. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते; पहिला आठवडा जड जातो. घरात स्किझोफ्रेनिया असेल तर गांजापासून लांबच राहावं.

दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते, या भीतीनं घरचे गप्प बसतात. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम 64-अ वेगळंच सांगतं: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातुरातही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.