पहिले दोन, शेवटचे दोन
अणूच्या अंतरंगात : लेखांक ५

धंतोलीच्या रस्त्यांवर मोठी चौकोनी पाकिटे घेतलेली माणसे दिसतातच. कुणी गोंदियाहून आलेले, कुणी छिंदवाड्याहून. दवाखान्यांच्या या वस्तीत ‘फोटो काढला का?’ असे विचारले, की प्रश्न एक्स-रेचा असतो. पाकिटातली फिल्म उजेडाकडे धरली की हाड पांढरे दिसते, मांस करडे, फुफ्फुसातली हवा काळी. हाड आणि मांस यांतला हा भेद मुख्यतः घडवते अणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी, म्हणजे आपला आजचा विषय.

मागच्या आठवड्यात आपण अणुकेंद्रकापाशी थांबलो होतो. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन कवचांत असतात. आतून बाहेर ही कवचे के, एल, एम, एन. त्यांत जास्तीत जास्त मावतात २, ८, १८ आणि ३२. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून दुप्पट केला की हे आकडे मिळतात. मात्र सर्वांत बाहेरच्या कवचात आठाहून जास्त राहत नाहीत. म्हणून कॅल्शियमचे २० इलेक्ट्रॉन २, ८, ८, २ असे मांडले जातात.

पहिले कवच ‘ए’ का नाही? चार्ल्स बार्क्ला या ब्रिटिश शास्त्रज्ञाला प्रत्येक मूलद्रव्याचे खास एक्स-किरण दोन गटांत आढळले. त्यांना त्याने के आणि एल म्हटले. याहून भेदक किरण पुढे सापडलेच, तर आधीची अक्षरे हाताशी असावीत म्हणून. तसे किरण सापडले नाहीत. तीच अक्षरे कवचांना मिळाली.

एक्स-रे यंत्राच्या नळीत टंगस्टनचा तुकडा असतो. वेगाने आलेले इलेक्ट्रॉन त्यावर आदळून मंदावतात आणि त्यातून बरेचसे एक्स-किरण निघतात. एखादा इलेक्ट्रॉन मात्र टंगस्टनच्या के कवचातल्या इलेक्ट्रॉनलाच बाहेर काढतो. त्यासाठी सुमारे ६९,५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन १३.६ मध्ये सुटतो! रिकाम्या जागी एल कवचातला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उरलेली सुमारे ५९,००० ची ऊर्जा एक्स-किरण होऊन बाहेर पडते. हा आकडा टंगस्टनचा स्वतःचा. हेन्री मोस्ले याने १९१३ मध्ये अशाच किरणांवरून मूलद्रव्यांचे अणुक्रमांक पक्के केले. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, तेव्हा जेमतेम २७ वर्षांचा होता.

आता किरण रुग्णाच्या शरीरात शिरतो. आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उखडताना तो स्वतः संपतो. अणुक्रमांक दुप्पट झाला, तर असे घडण्याची शक्यता साधारण आठपट होते. मांसात कार्बन ६, ऑक्सिजन ८. हाडात कॅल्शियम २०. हाडाच्या मागे किरण कमी पोचतात, म्हणून तिथे फिल्म पांढरी राहते.

जठर आणि आतडी मात्र मांसाचीच. त्यांचा आकार उठून दिसत नाही. म्हणून रुग्णाला खडू कालवल्यासारखा पांढरा घोळ पाजतात, बेरियम सल्फेटचा. बेरियमचे ५६ इलेक्ट्रॉन : २, ८, १८, १८, ८, २. कॅल्शियमशी ताडून पाहा. दोघांच्याही पहिल्या कवचात दोन आणि शेवटच्या कवचात दोन! शेवटचे दोन देऊन टाकून दोघेही संयुगे बनवतात, म्हणून आवर्त सारणीत ते एकाच उभ्या रांगेत आहेत. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते पोटातून तसेच निघून जाते. हा सगळा व्यवहार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा. पहिल्या दोघांना त्याची झळ लागत नाही. कॅल्शियममध्ये ते सुमारे ४,००० इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधलेले, बेरियममध्ये ३७,४०० ने. किरण अडवण्याचे काम मुख्यतः तेच करतात.

अणू कुणाशी जुळणार हे त्याचे शेवटचे कवच ठरवते. तो मुळात कोण आहे हे पहिले कवच सांगते. पुढच्या वेळी एखादी फिल्म उजेडाकडे धराल, तेव्हा पांढऱ्या भागाकडे जरा थांबून पाहा. त्या हाडाला घट्ट धरून ठेवण्यात कॅल्शियमने दिलेल्या शेवटच्या दोघांचा वाटा आहे, आणि ते आपल्याला दिसते ते मुख्यतः पहिल्या दोघांमुळे.

एम कवचात १८ जागा असताना कॅल्शियम आठांवरच का थांबतो? त्यासाठी कवचांच्या आतली उपकवचे पाहावी लागतील. ती पुढच्या लेखांकात.