खिचडी शिजवणाऱ्या हातांचेही चित्र व्हावे!

राजे-महाराजांच्या, देवादिकांच्या तसबिरी आम्ही पिढ्यान्पिढ्या पाहत आलो. त्यांना रांधून घालणाऱ्याचा चेहरा भिंतीवर क्वचितच आला. चाइम सुतिनने तो आणला. १८९३ साली आजच्या बेलारूसमधील गरीब ज्यू कुटुंबात जन्मलेला हा चित्रकार १९१३ मध्ये पॅरिसला गेला. १९२२-२३ च्या सुमारास त्याने केक-बिस्किटे बनवणारा पोरगा रंगवला. वेडेवाकडे अंग, मोठा कान, पांढरा डगला, हातात लाल रुमाल! हे चित्र पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात आहे. अभिव्यक्तिवादी चित्रकार हुबेहूबपणा सोडून भोगलेले रंगवतो. आमच्या नागपूरच्या सवी सावरकरांनी याच वाटेने अस्पृश्यतेचे घाव दाखवले.

आता देगलूरचे बघू. शाळांत पोषण आहार शिजवणाऱ्या आयाबाया तुटपुंज्या मानधनावर राबतात. या कामात दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले. हा प्रश्न नुसत्या रोजगाराचा नाही. कोणाच्या हातचे कोण खातो, यावर जात उभी आहे.

देगलूरच्या तरुण चित्रकारांनो, त्या माउलीला धगीसह, घामासह रंगवा. चित्र शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावा. जिच्या हातचे लेकरे जेवतात, तिचा चेहरा गावाने मान वर करून पाहिलाच पाहिजे!