लाल गोळ्या वाटणारीचं रक्त

माझ्या घरापासून केदारेश्वराच्या मंदिरापर्यंतची वाट मी हजारदा तरी चालले असेन. चालुक्यांच्या काळातलं ते दगडी मंदिर आणि त्यावरच्या मूर्ती बघायला बाहेरगावचे लोक धर्मापुरीत येतात. आम्ही गावातले सोमवारी जातो. २०११च्या आषाढात त्या वाटेवर मला पहिल्यांदा खाली बसावं लागलं, ओळखीच्यांच्या ओट्यावर. पुढच्या सोमवारी दोनदा बसले. त्यानंतर उपचार संपेपर्यंत देवाला घरूनच हात जोडले.

मी अंगणवाडी सेविका होते. गरोदर बायांना लोहाच्या लाल गोळ्या द्यायच्या, त्या खरंच खातात की चुलीमागं टाकतात ते बघायचं, शेंगदाणे-गूळ खा म्हणून कानीकपाळी ओरडायचं, यात माझी सत्तावीस वर्षं गेली. त्यामुळं रक्त कमी होणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, असं मी समजत होते.

त्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि कागदावर ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ आलं. हिपॅटायटिस सी. हा विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो आणि वर्षानुवर्षं काही त्रास न देता यकृतात बसून राहतो. माझ्या धाकट्याच्या वेळी, १९९४ साली, फार रक्तस्राव झाला होता आणि एका दवाखान्यात मला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तिथूनच आला असं खात्रीनं कुणी सांगत नाही, पण दुसरं कारणही सापडत नाही. हा विषाणू सापडला १९८९मध्ये. आपल्याकडे दात्याच्या रक्ताची ही तपासणी सक्तीची व्हायला २००१ उजाडलं.

लातूरच्या डॉक्टरांनी जनुकप्रकार तीन सांगितला. आपल्या देशात तोच जास्त आढळतो. चोवीस आठवड्यांचा उपचार ठरला: आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या चार कॅप्सूल, दोन सकाळी, दोन रात्री, मिळून ८०० मिलिग्रॅम. खर्चासाठी गंठण मोडलं आणि पतसंस्थेचं कर्ज काढलं. इंजेक्शन मी शनिवारी संध्याकाळी घ्यायची. रात्री थंडी वाजून ताप यायचा, रविवार अंथरुणात जायचा आणि सोमवारी अंगणवाडी उघडायची.

सुरू करताना हिमोग्लोबिन ११.८ होतं. दुसऱ्या आठवड्यात १०.२. चौथ्या आठवड्यात ८.९. हे आकडे मला अजून पाठ आहेत, कारण अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरमधल्या कोऱ्या पानांवर मी ते लिहून ठेवायची. जिना चढताना कानात धडधड ऐकू यायची. भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा. आमची मदतनीस एक दिवस म्हणाली, ‘‘बाई, तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं. आपल्याच गोळ्या खा की!’’

आणि मी खाल्ल्या. डॉक्टरांना न विचारता, नऊ दिवस.

तपासणीला गेले तेव्हा सहज बोलता बोलता सांगितलं, तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘‘सेविका आहात ना? मग कारण न बघता औषध कसं घेतलंत?’’ उपचाराआधीच त्यांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासला होता. माझा साठा पुरेसा होता. यकृत आजारी असताना जास्तीचं लोह तिथंच साचून नुकसान करू शकतं. शिवाय लोहाच्या गोळीनं शौच काळी होते. यकृताच्या रुग्णाच्या पोटात रक्तस्राव झाला तरी ती काळीच होते. म्हणजे मी धोक्याची खूण स्वतःच्या हातानं पुसत होते. ज्याच्या अंगात लोह खरंच कमी आहे त्याला डॉक्टर ते देतातच, पण तपासून.

मग माझं रक्त जात कुठं होतं? रिबाविरिन लाल पेशीत शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं रूप बदलतं. ते रूप पुन्हा मोडून बाहेर सोडायची सोय लाल पेशीत नसते, म्हणून औषध आत साठत जातं. पेशीची ताकद संपते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी प्लीहा आधीच पकडून मोडीत काढते. त्यात इंटरफेरॉन हाडांच्या मगजाला दाबून धरतं, त्यामुळं नवी भरतीही मंदावते. आमच्या भागात कळेल असं सांगायचं तर टाकी तळाशी गळतेय आणि वरचा नळही अर्धा बंद आहे. लोहाची गोळी म्हणजे अशा वेळी दारात आणखी एक टँकर उभा करणं. बीट, डाळिंब, खजूर घेऊन येणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना मी हे सांगितलं. ऐकलं कुणीच नाही. बीट मला तेव्हापासून आवडत नाही.

मोडलेल्या पेशींतून निघणाऱ्या रंगद्रव्यामुळं डोळेही किंचित पिवळे झाले. सासूबाईंना वाटलं, कावीळ उलटली. त्यांनी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. मीही घालून दिली, तिनं नुकसान होणार नव्हतं. सोबत पिण्याचा काढा मात्र मी मोरीत ओतला.

डॉक्टरांचा हिशेब सरळ होता. हिमोग्लोबिन १०च्या खाली गेलं की रिबाविरिन कमी करायचं, ८.५च्या खाली गेलं तर थांबवायचं. हृदयविकार असेल तर एवढी वाटही बघत नाहीत, चार आठवड्यांत २ अंकांची घसरणसुद्धा मात्रा कमी करायला पुरते. म्हणून सुरुवातीलाच माझा ईसीजी काढला होता. मूत्रपिंड अधू असेल तर हे औषध शरीरात जास्त साठतं आणि रक्त आणखी वेगानं उतरतं. माझ्या चारच्या तीन कॅप्सूल झाल्या, ६०० मिलिग्रॅम. मगजाला चालना देणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शनही असतं, महागडं. ते लागलं तर बघू म्हणाले. लागलं नाही. पुढं आकडा ९.३ आणि ९.६च्या मध्ये रेंगाळत राहिला, आणि शरीर त्याला सरावलं.

मनात कितीदा तरी आलं की दोन दिवस कॅप्सूल खाऊच नयेत, जरा तरतरी येईल. पण मात्रा कमी करणं हे डॉक्टरांचं काम, आपण परस्पर खाडे केले तर विषाणू परत उलटण्याचा धोका वाढतो. मी कॅप्सूल सोडून कामं सोडली. हंड्याऐवजी कळशी उचलायची. अंघोळ पाटावर बसून. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. दुपारी अर्धा तास आडवं व्हायचं, मग दारात कोण का येईना. यानं रक्त वाढत नाही, पण माणूस पडत नाही. छातीत दुखलं, निजल्या जागी धाप लागली, घेरी आली किंवा शौच डांबरासारखी झाली तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता निघायचं, हे नवऱ्याला आणि दोन्ही मुलांना पाठ करून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट मी आमच्या बायांना मुद्दाम सांगत आले. रिबाविरिन चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके महिने, निदान सहा, गर्भ राहू द्यायचा नाही, बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. औषध नवरा घेत असला तरी हेच लागू.

माझा शेवटचा शनिवार दिवाळीनंतर, नोव्हेंबरात आला. जानेवारीत हिमोग्लोबिन १२.१ झालं. उपचार संपून सहा महिन्यांनी विषाणू रक्तात सापडला नाही, पुढंही सापडला नाही.

हे सगळं आता जुनं वाटतं. २०१५पासून सोफोस्बुविर आपल्याकडे मिळू लागलं. त्यासोबत डॅक्लाटास्विर किंवा वेलपाटास्विर घेतलं की बहुतेकांचा आजार बारा आठवड्यांच्या गोळ्यांत बरा होतो. इंजेक्शन नाही, रिबाविरिन नाही, म्हणून रक्त मोडणंही नाही. २८ जुलै २०१८ला हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. २०२२मध्ये माझ्या दिरांनी चौऱ्याऐंशी दिवस रोज एक गोळी घेतली आणि त्या काळात शेतातलं काम एक दिवस सोडलं नाही. मला जरा हेवाच वाटला.

पण रिबाविरिन पुरतं गेलेलं नाही. यकृत पार खचून पोटात पाणी झालेल्या रुग्णांना ते आजही नव्या गोळ्यांच्या जोडीला देतात, आणि ते अशक्त शरीराला दिलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्याकडच्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ असेल, तर तिची सुरुवातच माझ्या शेवटापाशी होते. तिला हे औषध देण्याआधी रक्त तपासायला हवं, आणि दुसऱ्या व चौथ्या आठवड्यात परत. तेव्हा ती फडात असेल, तर कारखान्याच्या गावाजवळ कुठं तपासायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. गावातल्या आरोग्य कार्यकर्तीनं हा कागद बघितल्याशिवाय तिला गाडीत बसू देऊ नये, असं माझं मत आहे.

२००१च्या आधी कधी रक्त चढवलं असेल, बाळंतपणात, अपघातात, ऑपरेशनात, तर एकदा हिपॅटायटिस सीची तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. जाताना घरातल्या जुन्या फायली सोबत न्या.