पार्नेल, चार्ल्स स्ट्यूअर्ट

(२७ जून १८४६–६ ऑक्टोबर १८९१). आयर्लंडमधील एक थोर राष्ट्रवादी पुढारी, ब्रिटिश पार्लमेंटमधील आयरिश पक्षाचा नेता आणि होमरूल चळवळीचा सूत्रधार. विक्लो परगण्यातील ॲव्हनडेल येथे एका प्रॉटेस्टंट जमीनदार घराण्यात जन्म. त्याचा पणजा सर जॉन पार्नेल हा आयर्लंडच्या स्वतंत्र पार्लमेंटच्या काळात अर्थमंत्री होता आणि त्याने ते पार्लमेंट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विलीन करण्यास विरोध केला होता. चार्ल्सची आई डीलिया ही अमेरिकी आरमारातील सेनानी चार्ल्स स्ट्यूअर्ट याची कन्या. या सेनानीने १८१२ च्या युद्धात इंग्रजांविरुद्ध पराक्रम गाजविला होता. वडिलांच्या मृत्यूनंतर (१८५९) ॲव्हनडेलची जमीनदारी चार्ल्सकडे आली. त्याचे शिक्षण बहुतांशी इंग्लंडमध्ये झाले. केंब्रिजच्या मॉड्‌लिन महाविद्यालयात त्याने सु. चार वर्षे काढली; तथापि एका मारामारीच्या प्रकरणात त्याला तात्पुरते काढून टाकण्यात आले आणि पदवी न घेताच तो ॲव्हनडेलला परतला. क्रिकेट, घोडदौड आणि जमिनीची व्यवस्था यांत रमणाऱ्या या तरुणामध्ये भावी लोकनायकाची कोणतीही चिन्हे त्या वेळी दिसत नव्हती.

१८०० च्या विलीनीकरण कायद्याने डब्लिनचे पार्लमेंट संपुष्टात येऊन आयर्लंडचा कारभार लंडनहून चालू लागला. देशातील बहुसंख्य लोक कॅथलिक व शेतीवर जगणारे होते, तर जमिनीची मालकी मुख्यत्वे प्रॉटेस्टंट जमीनदारांकडे होती. कुळांना जमिनीवर टिकून राहण्याची शाश्वती नव्हती. खंड थकला की त्यांना घरादारासह बाहेर काढले जाई. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे उद्‌भवलेल्या दुष्काळात सु. दहा लाख लोक मृत्युमुखी पडले आणि तितकेच देशोधडीस लागले. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांच्या मनात इंग्रजी सत्तेविषयी तीव्र द्वेष होता व त्यातूनच फेनियन या गुप्त क्रांतिकारक संघटनेला बळ मिळाले. याउलट सनदशीर मार्गाने आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य मिळवावे, या उद्देशाने आयझाक बट या वकिलाने १८७० मध्ये होमरूलची चळवळ सुरू केली. सशस्त्र क्रांती, सनदशीर राजकारण आणि कुळांचा असंतोष हे तिन्ही प्रवाह त्या काळी स्वतंत्रपणे वाहत होते. त्यांना काही काळ एकत्र आणणे, हेच पार्नेलचे प्रमुख कार्य होय.

पार्नेल १८७५ मध्ये मीथ परगण्यातून पार्लमेंटवर निवडून आला. प्रारंभी तो अडखळत बोले व त्याचा प्रभाव पडत नसे. मात्र बटचे सौम्य व विनंतीवजा धोरण निष्फळ आहे, हे त्याने लवकरच ओळखले. जोसेफ बिगर या सहकाऱ्यासमवेत त्याने अडवणुकीचे तंत्र अंगीकारले. सभागृहाच्या नियमांचाच आधार घेऊन प्रत्येक विधेयकावर लांबलचक भाषणे करावयाची, दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या सुचवावयाच्या आणि कामकाज रोखून धरावयाचे, असे हे तंत्र होते. आयर्लंडकडे लक्ष दिले जात नसेल, तर साम्राज्याचाही कारभार सुरळीत चालू देणार नाही, असा त्याचा आशय होता. १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेविषयीच्या विधेयकावर सभागृहाला सलग एक दिवसाहून अधिक काळ बसावे लागले. बटने या प्रकारांचा निषेध केला. पण इंग्लंडमधील आयरिश मतदार व फेनियन यांना हा नवा पुढारी आपला वाटू लागला. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमधील होमरूल महासंघाचे अध्यक्षपद बटऐवजी पार्नेलला मिळाले.

भूमियुद्ध : १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पिके बुडाली, शेतमालाचे भाव उतरले आणि दुष्काळाची छाया पुन्हा पसरली. कुळाच्या घरात जन्मलेला, बालपणीच गिरणीत एक हात गमावलेला आणि फेनियन म्हणून सात वर्षे कारावास भोगलेला मायकेल डॅव्हिट याने मेयो परगण्यात कुळांना संघटित केले. त्याच्या निमंत्रणावरून जून १८७९ मध्ये वेस्टपोर्ट येथील सभेत पार्नेलने कुळांना आपापली घरे व जमिनी घट्ट धरून ठेवण्याचा सल्ला दिला. स्वतः जमीनदार असलेल्या माणसाने असे सांगावे, याचा लोकांवर विलक्षण परिणाम झाला. ऑक्टोबर १८७९ मध्ये ‘लँड लीग’ स्थापन होऊन पार्नेल तिचा अध्यक्ष झाला. त्यानंतर त्याने अमेरिकेचा दौरा करून मोठा निधी जमविला. २ फेब्रुवारी १८८० रोजी त्याला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे भाषण करण्याचा मान मिळाला. मे १८८० मध्ये तो आयरिश पक्षाचा अध्यक्ष म्हणून निवडला गेला.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत त्याने असे प्रतिपादिले, की काढून टाकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्यावर हात न उगारता रस्त्यात, दुकानात, बाजारात व प्रार्थनामंदिरातही त्याच्याशी सर्व संबंध तोडावेत. लवकरच मेयो परगण्यातील कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याविरुद्ध हे शस्त्र वापरण्यात आले. त्याचे नोकर निघून गेले, दुकानदारांनी माल देणे बंद केले आणि शेतातील पीक काढण्यास कोणी मिळेना. अखेरीस अल्स्टरमधून आलेल्या सु. ५० स्वयंसेवकांनी ते पीक काढले. मात्र त्यांच्या रक्षणासाठी सरकारला मोठी सैन्यतुकडी ठेवावी लागली आणि पिकाच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च झाला. या कारभाऱ्याच्या नावावरून ‘बॉयकॉट’ हा शब्द इंग्रजीत व पुढे जगातील अनेक भाषांत रूढ झाला.

पंतप्रधान ग्लॅडस्टनने एकीकडे दडपशाहीचा कायदा केला, तर दुसरीकडे १८८१ च्या भूमिकायद्याने वाजवी खंड, कूळवहिवाटीची शाश्वती व वहिवाटीचा हक्क विकण्याची मुभा या कुळांच्या तीन मागण्या मान्य केल्या. दडपशाहीच्या विधेयकावर सभागृह सलग ४१ तास चालले, तेव्हा सभापतीने स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबविली. भूमिकायदा धुडकावावा तर कुळांचे नुकसान आणि स्वीकारावा तर जहालांचा रोष, अशा पेचात पार्नेलने प्रथम कायद्याची कसोटी पाहण्याचे धोरण स्वीकारले व सरकारवर कडक टीका चालू ठेवली. १३ ऑक्टोबर १८८१ रोजी त्याला अटक करून डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगात ठेवण्यात आले. तुरुंगातून खंडबंदीचे आवाहन निघाले, तेव्हा सरकारने लँड लीगवर बंदी घातली. या काळात पार्नेलची बहीण ॲना हिने स्त्रियांच्या लँड लीगद्वारे चळवळ नेटाने चालविली.

ग्रामीण भागात हिंसाचार वाढू लागल्यावर दोन्ही बाजूंना तडजोडीची गरज भासली. खंड थकलेल्या कुळांना सरकारने साहाय्य द्यावे आणि पार्नेलने शांतता प्रस्थापित करण्यास आपले वजन खर्ची घालावे, अशा समझोत्यानंतर २ मे १८८२ रोजी त्याची मुक्तता झाली. चारच दिवसांनी डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये आयर्लंडचा नवा मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि उपसचिव टॉमस बर्क यांचा एका गुप्त मंडळाच्या लोकांनी खून केला. या घटनेने पार्नेल इतका हादरला, की त्याने नेतृत्व सोडण्याची तयारी दर्शविली. परंतु ग्लॅडस्टनने त्यास तसे न करण्याचा सल्ला दिला. पुढे पार्नेलने भूमिप्रश्नापेक्षा होमरूलवर भर दिला. स्त्रियांची लीग त्याने बंद केली. त्यामुळे भावाबहिणीत कायमचा दुरावा निर्माण झाला.

होमरूल : १८८२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल लीगच्या शाखा देशभर पसरल्या. १८८४ पासून प्रत्येक उमेदवाराकडून पक्षाबरोबरच मतदान करण्याची, अन्यथा राजीनामा देण्याची शपथ घेण्यात येऊ लागली आणि गरीब सदस्यांना पक्षनिधीतून निर्वाहवेतन मिळू लागले. ब्रिटिश पार्लमेंटमधील शिस्तबद्ध आधुनिक पक्षाचा हा एक आरंभीचा नमुना मानला जातो. जानेवारी १८८५ मध्ये कॉर्क येथे पार्नेलने, राष्ट्राच्या वाटचालीला सीमा घालण्याचा अधिकार कोणाही माणसास नाही, असे उद्‌गार काढले. या विधानामुळे सनदशीर मार्गाचे अनुयायी व क्रांतिकारक दोघेही समाधानी राहिले. १८८५ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने आयर्लंडमधील १०३ पैकी ८५ आणि लिव्हरपूलमधील एक अशा ८६ जागा जिंकल्या. उदारमतवादी व हुजूर पक्षांच्या संख्याबळातील अंतरही जवळजवळ तितकेच असल्याने सत्तेचा तराजू पार्नेलच्या हाती आला. ग्लॅडस्टनने होमरूलचे तत्त्व मान्य करून एप्रिल १८८६ मध्ये पहिले होमरूल विधेयक मांडले. त्यात डब्लिनला कायदेमंडळ देऊन संरक्षण, परराष्ट्र व्यवहार यांसारखे विषय लंडनकडे ठेवले होते. उदारमतवाद्यांतील फूट आणि अल्स्टरमधील प्रॉटेस्टंटांचा कडवा विरोध यांमुळे जूनमध्ये हे विधेयक ३० मतांनी फेटाळले गेले. अल्स्टरच्या विरोधाची खोली पार्नेलला नीट उमगली नव्हती, अशी टीका इतिहासकार करतात.

१८८७ मध्ये टाइम्स या वृत्तपत्राने पार्नेलचे म्हणून एक पत्र छापले. बर्कच्या खुनाचे त्यात समर्थन होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे फेब्रुवारी १८८९ मध्ये रिचर्ड पिगट या पत्रकाराची उलटतपासणी झाली. एका बनावट पत्रात ‘हेझिटन्सी’ हा इंग्रजी शब्द चुकीच्या वर्णांनी लिहिलेला होता. लिहून दाखविण्यास सांगितले असता पिगटने तीच चूक केली. तो माद्रिदला पळून गेला व तेथे त्याने आत्महत्या केली. पार्नेल सभागृहात आला, तेव्हा विरोधी बाकांवरील सदस्यांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. त्याच्या लोकप्रियतेचा तो कळस होता.

अखेरचे पर्व : १८८० पासून पार्नेलचे कॅथरिन ओशे या विवाहितेशी संबंध होते आणि तिच्यापासून त्याला तीन मुलीही झाल्या. तिचा पती कॅप्टन विल्यम ओशे याने डिसेंबर १८८९ मध्ये घटस्फोटाचा दावा दाखल केला. पार्नेलने बचाव केला नाही व नोव्हेंबर १८९० मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. उदारमतवादी पक्षाचा मोठा आधार असलेले इंग्लंडमधील धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट संतप्त झाले. पार्नेल नेतेपदी राहिल्यास आपले नेतृत्व निरर्थक ठरेल, असे ग्लॅडस्टनने कळविले. १ ते ६ डिसेंबर १८९० या काळात पार्लमेंटमधील पंधरा क्रमांकाच्या समितीकक्षात आयरिश पक्षाची वादळी बैठक झाली. आयर्लंडचा नेता इंग्लंडमधील पक्षाने ठरवावयाचा काय, असा पार्नेलचा प्रश्न होता. तर ग्लॅडस्टनचे सहकार्य गमावल्यास होमरूल मिळणार कसे, असा विरोधकांचा प्रश्न होता. अखेर जस्टिन मकार्थीच्या नेतृत्वाखाली ४५ सदस्य बाहेर पडले आणि पार्नेलकडे तिसाहून कमी उरले. कॅथलिक धर्मगुरूंनीही त्याच्याविरुद्ध प्रचार केला. त्यानंतरच्या तीनही पोटनिवडणुकांत त्याचे उमेदवार पराभूत झाले. जून १८९१ मध्ये त्याने कॅथरिनशी विवाह केला. प्रकृती ढासळली असतानाही तो दर आठवड्यास आयर्लंडमध्ये सभा घेत राहिला. सप्टेंबरच्या अखेरीस क्रेग्ज येथे पावसात केलेले भाषण अखेरचे ठरले. इंग्लंडमधील ब्रायटनजवळच्या होव्ह येथे तो मरण पावला. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत त्याचे दफन झाले. तेथील ग्रॅनाइटच्या शिळेवर केवळ ‘पार्नेल’ एवढेच नाव कोरलेले आहे.

पार्नेल अबोल, एकांतप्रिय व काहीसा गूढ होता. सहकाऱ्यांशीही तो अंतर राखून वागे. हिरवा हा आयर्लंडचा राष्ट्रीय रंग; पण पार्नेल तो अशुभ मानी. आपले अंतिम साध्य त्याने मुद्दाम संदिग्ध ठेवले. त्यामुळेच परस्परविरोधी गट त्याच्याभोवती जमले, पण त्यांना जोडणारा दुवा तो एकटाच असल्याने त्याच्या पतनाबरोबर ते विखुरले. पक्षातील फूट १९०० पर्यंत टिकली. १८९३ चे दुसरे होमरूल विधेयक लॉर्ड्‌स सभेने फेटाळले. १९१४ चा कायदा पहिल्या महायुद्धामुळे स्थगित राहिला व १९१८ नंतर नेतृत्व सिन फेन पक्षाकडे गेले. तथापि आयर्लंडचा प्रश्न ब्रिटिश राजकारणाच्या केंद्रस्थानी आणण्याचे आणि जमिनीची मालकी कुळांकडे जाण्याचा मार्ग खुला करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पार्नेल व डॅव्हिट यांच्या चळवळीस दिले जाते.

भारतीय राजकारणावरही या चळवळीचा ठसा उमटला. पार्नेलच्या विरोधी गटात गेलेला आयरिश सदस्य आल्फ्रेड वेब हा १८९४ मध्ये मद्रास येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचा अध्यक्ष होता. वंगभंगानंतर बहिष्कार हे लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतील एक सूत्र बनले. १९१६ मध्ये टिळक व ॲनी बेझंट यांनी स्थापन केलेल्या संघांनीही होमरूल हे आयर्लंडमध्ये रूढ झालेले नाव स्वीकारले.