प्रतिजैविकानंतरचे पुरळ : ओळख व मर्यादा

घसा दुखला, ताप आला की अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा को-ट्रायमॉक्झॅझोल घेतले जाते. आठवड्याभरात अंगावर पुरळ उमटते आणि ‘औषध गरम पडले’ असे म्हणत रुग्ण वैद्याकडे येतो. यावल परिसरातील आपल्या सर्वांस परिचित असलेल्या या प्रसंगाचा येथे थोडक्यात विचार करू.

सौम्य पुरळ बहुधा औषध सुरू केल्यावर चार ते चौदा दिवसांत धडावर प्रथम दिसते. लाल, सपाट वा किंचित उंच ठिपके दोन्ही बाजूंस सारखे पसरतात. खाज असते, पण रुग्ण एरवी बरा असतो. घामोळे मान, काख व घट्ट कपड्यांखाली उठते आणि गारव्याने शमते. गोवरात तीव्र ताप, खोकला व लाल डोळे आधी येतात, पुरळ चेहऱ्यापासून उतरते. औषधानंतर तासाभरात उठणाऱ्या, जागा बदलणाऱ्या गांधी हा निराळा व अधिक सावधपणे पाहण्याचा प्रकार होय.

तोंड, डोळे वा जननेंद्रियावर व्रण, त्वचेची आग व वेदना, फोड, साल निघणे, चेहऱ्यावर सूज, श्वासास त्रास, तीव्र ताप यांपैकी एकही लक्षण दिसल्यास औषध थांबवून रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. येथे विलंब प्राणघातक ठरू शकतो.

सौम्य पुरळातही औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच पुढचे ठरवावे. औषध बंद केले तरी मूळ संसर्ग शिल्लक असू शकतो. गार पाण्याच्या घड्या, साधे खोबरेल तेल, हलका आहार व डॉक्टरांच्या सल्ल्याने खाजेची गोळी एवढे बहुधा पुरते. एक-दोन आठवड्यांत पुरळ ओसरते. माधवनिदानातील शीतपित्त-उदर्द-कोठ हे प्रकरण आपल्या स्मरणात असते. तथापि या अवस्थेत शोधन वा नवी मिश्र औषधे योजू नयेत. दोष कोणत्या औषधाचा, हे मग कळत नाही.

शेवटी नोंद. औषधाचे नाव, पुरळ कितव्या दिवशी आले व त्याचे स्वरूप रुग्णास लिहून द्यावे. ‘पेनिसिलिन चालत नाही’ हा शिक्का घाईने मारू नये. विषाणूजन्य तापात अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतलेल्या मुलांस अ‍ॅलर्जीविनाही पुरळ येते आणि असा शिक्का असलेल्या बहुतेकांना तपासणीअंती पेनिसिलिन चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेलग्रस्त बालकांस हेच औषध संसर्गापासून जपते. चुकीचा शिक्का त्यांस महागात पडेल. दुष्परिणामांची नोंद २०१० पासून चालू असलेल्या भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. ती आपणही अवश्य करावी.